मी स्वतः चौकशी केली आहे

मुलुंड (पूर्व),
५ नोव्हेंबर

चि. सुगंधा हिस गुणाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस झाले, तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं माझाच बिघडला. मग प्रांजलला लावला. ‘आई बरी आहे आजोबा, कामात आहे,’ एवढंच बोलून तिने ठेवून दिला. एरवी पोर अर्धा तास सोडत नाही. तुझ्या आईला कणकवलीला विचारलं, तर तिला काहीच ठाऊक नाही. शेवटी राजेशला म्हटलं, पोस्टाचं पाकीट आण. तो हसला. म्हणाला, बाबा, मुलुंडहून दिंडोशीला पत्र? म्हटलं, आण तू.

माझी तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. सकाळी बागेत प्रभात मंडळाबरोबर तीन फेऱ्या होतात, मग बाकावर बसून गप्पा.

दुसरं म्हणजे, तुला सावध करायचं आहे. तुझ्याच वसाहतीचा एक व्हिडिओ फिरतोय, पाहिला असशील. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई मतदार यादीच्या फॉर्मांची पिशवी बिल्डरच्या गाडीत टाकते आहे. आपल्या माणसांची नावं यादीतून उडवायची आणि निवडणुकीनंतर वसाहत बिल्डरच्या घशात घालायची, असा डाव आहे. वरपासून ठरलेलं आहे म्हणतात. फॉर्म नेऊन जाळतात. तूही शाळा सांभाळून तेच घरोघरचं काम करतेस, बीएलओ का काय म्हणतात ते, म्हणून सांगतो. त्या बाईला ओळखत असशील तर तिच्यापासून चार हात लांब राहा गो. उद्या तिच्याबरोबर तुझं नाव यायचं.

मी आमच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकून सगळ्यांना जागं केलंय. लोकांना पटला. फार पुढे गेला म्हणतात.

पत्र मिळताच चार ओळी लिही.

तुझा
गुणाजीमामा


दिंडोशी,
९ नोव्हेंबर

ती. गुणाजीमामास सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. मी बरी आहे. फोन मीच बंद ठेवला आहे. ऑफिसचं काही असलं तर प्रांजलच्या फोनवर येतं.

तुझा व्हॉइस मेसेज मी ऐकला. प्रांजलने ऐकवला. तिला तो कॉलेजच्या कँटीनमध्ये, पार्ल्यात, मैत्रिणीच्या फोनवर ऐकू आला. मैत्रीण बोरिवलीची आहे, तिच्या काकांनी पाठवलेला. पहिल्या दोन शब्दांतच पोरीने तुझा आवाज ओळखला. मला सांगायला तिने दोन दिवस घेतले.

त्यात तू म्हणतोस, ‘मी गुणाजी परब, गिरणी कामगार. मी स्वतः दिंडोशीला जाऊन चौकशी केली आहे. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.’

मामा, तू दिंडोशीला कधी आलास? त्या इमारतीपासून माझं घर पाच मिनिटांवर आहे. आलास तर घरी का आला नाहीस? आणि चौकशी कुणाकडे केलीस, तेवढं नाव कळव. बाकी काही नाही.

सुगंधा


मुलुंड (पूर्व),
१३ नोव्हेंबर

चि. सुगंधा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जरा राग आला, जरा लाजही वाटली. खरं काय ते सांगतो.

मी आलो नव्हतो. आमच्या मंडळातले एक गृहस्थ आहेत, त्यांचा साडू तुमच्या बाजूला राहतो. तो सांगत होता असं ते म्हणाले. म्हणजे चौकशी झालीच ना? फक्त मी केली नाही, त्यांनी केली. बोलताना ‘कुणाच्या तरी साडूने सांगितलं’ म्हटलं तर ऐकणार कोण? म्हणून ‘मी स्वतः’ म्हटलं. एवढा शब्द बदलला.

तुला वाटेल, म्हातारा फोन घेऊन बसतो आणि येईल ते खरं मानतो. तसं नाही गो. आमची गिरणी आठव. तू लहान होतीस. गेटवर आम्ही ओरडून सांगायचो, हे गिरणी चालवायचे नाहीत, यांना जमीन विकायची आहे. तेव्हा साहेब लोक काय म्हणायचे? अफवा आहे, कामगारांची माथी भडकवू नका. पेपरातही तसंच छापून यायचं. आज तिथे चाळीस मजले उभे आहेत. खालच्या दुकानात कॉफी पितात. सांग, अफवा कोणाची खरी ठरली? एकदा असा चटका बसला की ‘अफवा आहे’ म्हणणाऱ्यावरच आधी संशय येतो. तो व्हिडिओ पाहिला आणि माझ्या मनाने सांगितलं, बघ, पुन्हा तेच.

आणि आणखी एक सांगतो, हसू नकोस. तुझी मामी गेल्यापासून या घरात मला कोणी काही विचारत नाही. राजेश, सूनबाई वाईट नाहीत, पण सकाळी आठला गेलेली माणसं रात्री साडेआठला परत येतात. त्या मेसेजनंतर बागेत लोक माझ्याभोवती गोळा झाले. ‘गुणाजीराव, तुमच्या आवाजात दम आहे.’ गेट मीटिंगनंतर हे कोणी म्हटलं नव्हतं.

पण आतली गोष्ट खोटी आहे असं तू कशावरून म्हणतेस? व्हिडिओ तर डोळ्यांसमोर आहे. ती बाई पिशवी गाडीत टाकतेय, गाडीवर बिल्डरचं नाव आहे. हे तरी खोटं नाही ना?

तुझा
गुणाजीमामा


दिंडोशी,
१७ नोव्हेंबर

ती. गुणाजीमामास सा. न.

हे खोटं नाही. बाई पिशवी गाडीत टाकते आहे. ती बाई मी आहे.

चौथीची चाचणी तपासून झाली की लिहायला बसेन असं ठरवलं होतं. वह्या तपासून दोन दिवस झाले. आज बसले.

त्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून नऊ आणि दहा नंबरच्या इमारतींत फिरत होते. लिफ्ट बंद, सात मजले. बाजूची इमारत पाडताहेत, तिची सगळी धूळ जिन्यात येते, म्हणून तोंडाला ओढणी. दोनशे बारा भरलेले फॉर्म गोळा झाले. खाली आले तर स्कूटर पंक्चर. तिसऱ्या मजल्यावरचे श्यामकांत एका बिल्डरच्या ऑफिसात ड्रायव्हर आहेत, ते गाडी काढत होते. म्हणाले, ‘मॅडम, मालाडलाच चाललोय, सोडतो.’ मी पिशवी डिकीत ठेवली आणि पुढे बसले. निवडणूक ऑफिसात जाऊन दोनशे बाराच्या दोनशे बारा जमा केले. पोच माझ्याकडे आहे. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा. मी गाडीत बसते तेही त्यात नाही.

तो काढला नऊ नंबरमधल्या नंदकिशोर नावाच्या माणसाने, खिडकीतून. प्रांजलने एकेकाला विचारत विचारत शोधून काढलं. त्याने इमारतीच्या ग्रुपवर टाकताना फक्त विचारलं होतं, ‘ही कोण आहे? कुठे नेतेय?’ त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पुढच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘फॉर्म कुठे जातात बघा.’ त्याच्या पुढच्यावर, ‘फॉर्म जाळायला नेणारी हीच ती.’ प्रश्नाचं उत्तर कधी झालं कोणालाच कळलं नाही. आणि मग तुझा आवाज आला. तोवर लोक वाचून सोडून देत होते. तुझ्यानंतर कोणी सोडून दिलं नाही.

बीएलओचा नंबर घरोघरी दाराजवळ चिकटवलेला असतो. मीच माझ्या हाताने चिकटवलाय. एका दिवसात एकशे चाळीस फोन आले. काय बोलत होते ते लिहीत नाही. दहा नंबरचा जिना चढताना वरून खरकटं पाणी अंगावर पडलं. चुकून पडलं असेल. दोनदा चुकून पडलं. श्यामकांतना मालकाने सांगितलं, तू उद्यापासून येऊ नकोस, आम्हाला ही भानगड नको. त्यांची बायको मला जिन्यात भेटली तेव्हा मान फिरवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण मला झोंबतं ते वेगळंच. एक्केचाळीस घरं आता दार उघडत नाहीत. फॉर्म देत नाहीत. म्हणतात, तू जाळशील. बारा डिसेंबरला मुदत संपते. फॉर्म आला नाही तर नाव कच्च्या यादीत येणार नाही. म्हणजे नावं उडणार आहेत, मामा. कोणी उडवत नव्हतं, तुझ्या मेसेजमुळे उडतील. आणि मग सगळे म्हणतील, बघा, खरंच होतं.

गिरणीचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तेव्हा तू रोज गेटवर उभा होतास. माल कमी येतोय, मागाचे साचे काढून नेताहेत, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतास. म्हणून तुझं म्हणणं खरं होतं. या वेळी तू मुलुंडच्या बाकावर बसला होतास.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

सुगंधा


मुलुंड (पूर्व),
२९ नोव्हेंबर

चि. सुगंधा,

आठ-दहा दिवस उत्तराला हात लागला नाही.

तो व्हिडिओ मी कमीत कमी तीसदा पाहिला होता. तुझं पत्र आल्यावर पुन्हा पाहिला. पिशवी उचलताना तू डावा खांदा वर करतेस, माझ्या बहिणीसारखा. ते तीस वेळा मला दिसलं नाही. मी बाई बघतच नव्हतो. बिल्डर बघत होतो.

लगेच दुसरा मेसेज केला. सरळ सांगितलं, मी गुणाजी परब, मी दिंडोशीला गेलो नव्हतो, मी खोटं बोललो, त्या बाईने फॉर्म जमा केलेत, पोच आहे. तू माझी भाची आहेस हे मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर नात्यासाठी बोलतोय म्हणाले असते.

काय झालं ऐक. पहिला मेसेज बोरिवलीपर्यंत गेला, दुसरा आमच्या बागेच्या फाटकाबाहेर गेला नाही. एकाने लिहिलं, ‘गुणाजीरावांवर दबाव आलेला दिसतो.’ त्याखाली बावीस जणांनी हात जोडले. संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्याचा फोन. हळू आवाजात विचारतो, ‘काका, धमकी कोणी दिली? फक्त नाव सांगा, आम्ही तुमच्या मागे आहोत.’ मी म्हटलं, अरे बाबा, धमकी नाही, मी खोटंच बोललो होतो. तर म्हणाला, ‘समजलो काका. फोनवर बोलू नका.’

मी ग्रुप सोडला. सकाळी बागेत जायचंही बंद केलं.

तुझी माफी मागायला शब्द जुळवले होते, पण कागदावर उतरवल्यावर ते मेसेजसारखेच वाटले. म्हणून नाही लिहीत.

मामा


दिंडोशी,
८ डिसेंबर

ती. मामास सा. न.

घाईत लिहिते. शुक्रवारपासून शाळेत माणसं येताहेत. नऊ आणि दहा नंबरची, दार न उघडणारी. स्वतः फॉर्म घेऊन येतात, माझ्याशी धड बोलत नाहीत, पावती मागतात, दोनदा वाचतात आणि जातात. आजपर्यंत तेवीस आले. एका बाईला विचारलं, अचानक कसं? ती म्हणाली, ‘एक म्हातारा दारोदार फिरतोय. लंगडतो. बडबड्या आहे.’

मामा, तो तू आहेस का? सात मजले, लिफ्ट बंद. गुडघ्याचं काय?

सुगंधा


मुलुंड (पूर्व),
११ डिसेंबर

चि. सुगंधा हिस आशीर्वाद.

होय, मीच. गेल्या आठवड्यात गुरुवारपासून पाच दिवस आलो. घरी आलो नाही, कारण तुझ्यासमोर चहा घेत बसायची हिंमत नव्हती. राजेशला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानेच रजा टाकून सोडलं.

पहिलं दार नंदकिशोरचं. भला माणूस आहे. म्हणाला, ‘काका, मी नुसतं विचारलं होतं, ही कोण. कोणी उत्तरच दिलं नाही.’ त्याच्याकडून पाणी घेतलं आणि वर चढलो.

चौथ्या मजल्यावर एका बाईने दार किलकिलं केलं. मी दोन वाक्यं बोललो असेन, तिने मला थांबवलं. ‘तुमचा आवाज मी ऐकलाय. त्या मेसेजमध्ये.’

म्हटलं, ‘होय बाई. तो मीच. त्यात मी खोटं बोललो. मी इथे आलोच नव्हतो. आज आलोय.’

‘आज खोटं बोलत नाही कशावरून?’

गेटवर हजार माणसांसमोर मी कधी अडखळलो नाही, तिथे उंबऱ्याबाहेर अडखळलो. मग सुचलं तसं म्हटलं, ‘कशावरूनच नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्या बाईवरही नको. फॉर्म तुमच्या हाताने शाळेत न्या आणि पावती तुमच्या हाताने घ्या.’ ती आत गेली आणि फॉर्म शोधू लागली. त्यानंतर प्रत्येक दारात मी तेवढंच बोललो. विश्वास ठेवा म्हटलं की दार बंद होतं. ठेवू नका म्हटलं की माणूस ऐकतो.

सहाव्या मजल्यावर धम्मपाल म्हणून एक आहेत. त्यांनी मला आत बसवलं. वीस वर्षं मत देत होते, गेल्या वेळी नाव गायब. चार ठिकाणी खेटे घातले, का गेलं हे एकानेही सांगितलं नाही. म्हणाले, ‘काका, तुमचा मेसेज खोटा असेल. पण त्याने मला कारण तरी दिलं. दुसऱ्या कोणी दिलं नाही.’ मी मान खाली घातली. हा माणूस मूर्ख नव्हता. मीही नव्हतो. आम्हा दोघांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यांचं काय झालं होतं ते शोधून दे. जमलं तर कागदावर लिहून दे.

श्यामकांतकडेही गेलो. त्याने आवाज ओळखला, पण शिवी दिली नाही. मरोळला एका कंपनीत ड्रायव्हर हवाय, राजेशच्या ओळखीने विचारलंय. लागेल बहुतेक.

काही दारं उघडली नाहीत. दहा नंबरच्या सातव्या मजल्यावर आत रेडिओ चालू होता, मी तीनदा बेल वाजवली. रेडिओ बंद झाला, पण दार उघडलं नाही. डॉक्टरने गुडघ्याला महिनाभर जिने वर्ज्य सांगितलेत, नाहीतर उद्या पुन्हा आलो असतो.

तुझा
गुणाजीमामा


दिंडोशी,
२८ डिसेंबर

ती. गुणाजीमामास सा. न.

कच्ची यादी लागली. एक्केचाळीसपैकी एकोणतीस घरं आली, बारा राहिली. श्यामकांत मरोळला रुजू झाले, कळलंच असेल. त्यांची बायको आता जिन्यात मान हलवते. धम्मपालांचं नाव जुन्या पत्त्याच्या यादीत अडकलं होतं. का, ते विचारून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला. फोन मी सुरू केला आहे, पण अनोळखी नंबर उचलत नाही. आईला कोणीतरी व्हिडिओ दाखवलाच. तिने खांदा ओळखला. तुझ्याशी ती बोलेल, तयारीत राहा.

काल रविवारी शाळेत राहिलेल्या नावांसाठी शिबिर होतं. मी टेबलाशी बसले होते. दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या, विमलाबाई, दहा नंबरच्या सातव्या मजल्यावरच्या. रेडिओवाल्या त्याच. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, कारण मी गेले तेव्हाही त्यांनी दार उघडलं नव्हतं. बसता बसताच म्हणाल्या, ‘बघितलंस? व्हिडिओत सांगितलं होतं तस्संच झालं. माझं नाव उडवलं.’

मी विचारलं, ‘मावशी, फॉर्म दिला होता का?’

‘कशाला देऊ? जाळायला?’

मी नवीन फॉर्म काढला. नाव, वय, पत्ता, एकेक विचारून भरला. त्यांना कमी दिसतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ‘तू बरी आहेस गं, नीट समजावतेस. ती ओढणीवाली तुझ्या जागी असती तर माझं नाव कुठलं यायला!’

गप्प बसता आलं असतं. रांगेत मागे नऊ माणसं होती. पण मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘मावशी, ती मीच.’

त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘आणि तो माणूस? मी स्वतः चौकशी केली म्हणाला होता तो? त्याचा आवाज खोटं बोलणाऱ्याचा नव्हता गं.’

‘तो माझा मामा.’

‘सख्खा?’

‘सख्खा.’

मागचे लोक ऐकत होते. विमलाबाईंनी विचारलं, ‘आणि तू बोलतेस त्याच्याशी?’

मी म्हटलं, ‘सध्या पत्र लिहिते.’

माझ्यावर विश्वास बसला असं त्या म्हणाल्या नाहीत. फॉर्म स्वतःकडे ओढला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि पेनासाठी हात पुढे केला.

‘सही कुठं करू?’

सुगंधा